अनर्थापलीकडची भिवंडी

भिवंडीचे नाव ज्यांनी केवळ वृत्तपत्रांतून वाचले आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे या शहराची जी चित्रे उभी राहतात ती बहुतेक अनर्थाचीच असतात: 1970 आणि 1984 सालच्या दंगलींतील जळितांची, 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे कोसळलेल्या जिलानी इमारतीच्या ढिगाऱ्याची, किंवा पेटलेल्या एखाद्या गोदामावर चढलेल्या धुराच्या लोटाची. ही चित्रे खोटी नव्हेत. परंतु 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि 1992 च्या डिसेंबरात शेजारची मुंबई पेटलेली असता हेच दंगलींसाठी कुप्रसिद्ध झालेले शहर शांत राहिले, या घटनेचे एखादे छायाचित्र डोळ्यांपुढे आणावयाचे म्हटले तर काय आणावे? जे घडले नाही त्याचे चित्र टिपण्यास बाहेरगावचा बातमीदार कशाला येईल? ते काम गावच्याच माणसाचे असते, आणि गावच्या माणसाने ते केले नाही तर त्याच्या गावाचा इतिहास केवळ संकटांचा इतिहास म्हणून शिल्लक राहतो, हे माझे आजचे म्हणणे आहे.

कॅमेरे शहरात कमी आहेत असे नाही. शनिवार-रविवारची सुटी साधून मुरूड, मालवण, हर्णै येथे धाव घेणारे हौशी छायाचित्रकार ठाणे जिल्ह्याच्या प्रत्येक गावात आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाल्यापासून तर त्या उत्साहास विशेषच भरती आली आहे. 2020 च्या जून महिन्यात निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर रुतलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज, किंवा त्यापूर्वी गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यावर सुमारे बारा वर्षे पडून राहिलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’, यांची छायाचित्रे किती जणांनी काढली असतील याची गणती करणे कठीण. या छंदास नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. गोपाळ बोधे यांनी आकाशातून टिपलेले किल्ले आणि दीपगृहे पाहिल्यावर सागरी स्थापत्याकडे पाहण्याची आपली दृष्टीच पालटते, हे मीही मान्य करतो. तथापि बोधे यांनी दाखविले ते पूर्वी कोणी दाखविले नव्हते. राजपुरीच्या धक्क्यावरून, त्याच कोनातून, त्याच सूर्यास्ताच्या वेळी घेतलेल्या जंजिऱ्याच्या हजाराव्या छायाचित्राने मात्र जंजिऱ्याच्याही ज्ञानात भर पडत नाही आणि काढणाऱ्याच्याही.

वास्तविक बेट, बंदर आणि भग्न नौका या तिन्ही गोष्टी भिवंडीकराच्या अगदी उंबऱ्याशी आहेत. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि पुढे याच खाडीच्या आश्रयाने मराठ्यांच्या आरमाराची पहिली गलबते बांधली जाऊ लागली, ही हकिकत शाळेतील प्रत्येक मुलास पाठ असते. पण ती खाडी आज कशी दिसते हे त्यास विचारले तर कशेळीच्या पुलावरून गाडी जाताना खिडकीतून जेवढी दिसली तेवढीच त्याला सांगता येईल. कोन, कशेळी, काल्हेर यांच्या कडेने घोडबंदरकडे आणि पुढे वसईकडे जाणारे हे पाणी समुद्रास मिळण्यापूर्वी पाणजू नावाच्या एका वसत्या बेटास वळसा घालते, ज्याच्यावरून रेल्वेचा पूल जातो आणि ज्याच्या रहिवाशांनी पिढ्यान् पिढ्या होडीनेच खाडी ओलांडली आहे. आणि भग्न नौकाच हव्या असतील तर त्यांची वाण नाही. अनधिकृत रेती उपसणाऱ्यांवर तहसीलदारांच्या पथकाची धाड पडते, पंचनामा होतो, बार्ज व सक्शन पंप जप्त होतात आणि कित्येकदा ते जागच्या जागी गॅस कटरने कापून किंवा पाण्यात बुडवून निकामी केले जातात. ओहोटी लागली की अशा बार्जांचे गंजलेले सांगाडे चिखलात आणि तिवरांच्या मुळ्यांत उघडे पडतात. मिऱ्याचे जहाज वादळाने आणले. ही नौका बांधकामाच्या हव्यासाने आणली आणि कायद्याने बुडविली. मला विचाराल तर दोहोंत अधिक बोलके चित्र या दुसरीचे आहे, कारण शेजारी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या भिंतीत त्या रेतीचा अंश आहे.

रात्रीचे तर विचारूच नका. जे शहर यंत्रमागांच्या बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांनी चालते, त्याचे अर्धे आयुष्य रात्रीच जाते, आणि तरीही भिवंडीची रात्र छायाचित्रांतून जवळजवळ अनुपस्थित आहे. सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे, जेव्हा आकाश गडद निळे होते पण काळे पडत नाही, तेव्हा माणकोलीच्या गोदामांचे दिवे लागतात आणि नाशिक महामार्गावरील मालमोटारींची रांग सुरू होते. तिपाईवर कॅमेरा स्थिर ठेवून दहा-पंधरा सेकंद झडप उघडी ठेवली की त्या मोटारींचे तांबडे दिवे एका अखंड रेषेत वितळून जातात. हे झाले नेत्रसुख. यंत्रमागाच्या कारखान्यात शिरल्यावर मात्र कसोटी लागते. तेथील नळीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे झडपेचा वेग फार वाढविला तर चित्रावर पट्टे उमटतात. तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंत उतरविला तर धोटा दिसेनासा होऊन त्याची केवळ एक पुसट वाट उरते, कापसाचा उडता तंतू प्रकाशात तरंगतो, आणि तुटलेला धागा सांधण्यासाठी थबकलेला विणकराचा हात तेवढा स्वच्छ उमटतो. तंत्राची ही मर्यादा आहे खरी. पण ज्या शहराचे वस्त्र सर्वांनी पाहिले आणि हात कोणी पाहिले नाहीत, त्याच्या बाबतीत ती मर्यादाच सत्य सांगून जाते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो क्षुल्लक नाही. गळ्यात कॅमेरा घालून कारखान्याच्या दारात उभा राहिलेला इसम मालकास सरकारी तपासनीस वाटतो, कामगारास बातमीदार वाटतो आणि गोदामाच्या पहारेकऱ्यास चोर वाटतो. यांपैकी कोणाचाही संशय सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही, कारण आजवर येथे आलेला कॅमेरा बहुधा काही तरी उघडकीस आणण्यासाठीच आला. अशा ठिकाणी हक्काची भाषा बोलण्यापेक्षा परवानगी मागणे, चहाच्या टपरीवर बसणे, पुन्हा येणे आणि काढलेल्या चित्राची छापील प्रत त्या माणसाच्या हाती आणून देणे हाच मार्ग आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे घेतली, त्यांत त्या माणसांच्या कामाची घाण लपविलेली नाही आणि त्यांची प्रतिष्ठाही उणावलेली नाही. घाईघाईने येऊन जाणाऱ्यास हे साधत नसते. ज्याला हे साधावयाचे नसेल त्याने खुशाल जंजिऱ्यास जावे.

राहता राहिला जतनाचा प्रश्न, आणि येथे आपली अनास्था सर्वाधिक आहे. मुंबईत छायाचित्रणाचे मंडळ 1854 साली स्थापन झाले व भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यात उत्साहाने वावरत होते. 1868 साली सरकारने अंबरनाथच्या शिवमंदिराची मापे, साचे आणि छायाचित्रे करविली. म्हणजे ही विद्या आपल्या परिसरास नवी नाही. नवीन आहे ती विपुलता, आणि तिच्याबरोबर आलेला निष्काळजीपणा. मोबाइलने घेतलेल्या चित्रात दिनांक, वेळ आणि बहुधा स्थळाचीही नोंद असते; तेच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने धाडले की ती नोंद गळून पडते आणि चित्रही आक्रसते. इतिहाससंशोधक राजवाडे घरोघर हिंडून दप्तरे मिळवीत राहिले म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची साधने हाती आली; जुन्या स्टुडिओंच्या काचा, लग्नातले अल्बम, कारखान्याच्या उद्घाटनाची पिवळी पडलेली चित्रे गोळा करीत हिंडणारा कोणी भिवंडीस हवा आहे.

भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेने यासाठी मोठा महाल बांधण्याची गरज नाही. एक खोली, एक संगणक, एक जबाबदार कारकून आणि दरसाल त्याच ठराविक ठिकाणांहून, म्हणजे कशेळीचा पूल, वऱ्हाळा तलाव, धामणकर नाका आणि एखादा मागाचा कारखाना येथून, दिवसा व रात्री छायाचित्रे घेण्याचा एक ठराव, एवढे पुरे. तो ठराव होईपर्यंत वाचकांनी इतके तरी करावे: मूळ चित्र न पुसता निराळे ठेवावे, त्याच्या नावात तारीख व ठिकाण घालावे, आणि घरातील जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर पेन्सिलीने माणसांची नावे, ती सांगणारे वडीलधारे हयात आहेत तोवर, लिहून घ्यावीत.