श्वासमार्गाचा तट
तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांनी धन्वंतरी महालात औषधांबरोबर रुग्णांच्याही नोंदी ठेवविल्या. प्रतिजैविकांना जीवाणू दाद देईनासे झाले असताना ही दृष्टी पुन्हा हवी आहे.

श्वासनलिकेचे अस्तर ही निर्जीव भिंत नव्हे. तेथील चषकपेशी श्लेष्मा स्रवतात. त्यात जीवाणू अडकतात. केसांसारख्या पक्ष्माभिका सेकंदाला १०–१५ वेळा हलून तो घशाकडे लोटतात. जीवाणूंची चाहूल लागताच अस्तरपेशी डिफेन्सिनसारखी जीवाणूनाशक प्रथिने सोडतात आणि पांढऱ्या पेशींना पाचारण करतात.

विडीचा, चुलीचा धूर हाच तट खिळखिळा करतो. म्हणून नव्या प्रतिजैविकाच्या शोधाइतकेच मोल धूर हटवण्यालाही मिळाले पाहिजे. रुग्ण कोणत्या हवेत श्वास घेतो, हेही नोंदवहीत यावे.