नकली गाऊन आणि खरं लुगडं

परवा कपाट आवरताना एक जुनं प्रवेशपत्र हाती लागलं. २०१८ साली मुलीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हाचं. मुलगी-जावयाने मला नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिल गावी बिल्टमोर हाउस दाखवायला नेलं होतं. जॉर्ज व्हँडरबिल्ट नावाच्या धनिकाने १८८९ ते १८९५ या काळात बांधून घेतलेलं, अडीचशे खोल्यांचं घर! आमची अख्खी शाळा त्याच्या जेवणाच्या दालनात मावली असती.

त्या वसंतात तिथे 'टायटॅनिक' चित्रपटातल्या पोशाखांचं प्रदर्शन होतं. १९१२ सालच्या धर्तीवर डेबोरा स्कॉट यांनी केलेले हे पोशाख. १९९८ साली त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. दालनांमधून पुतळ्यांवर चढवून ठेवले होते. उजेड मंद, हात लावायची सोय नाही. माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसेना. म्हटलं, "अगं, हे सगळे नकलीच की! एवढं काय त्यांचं कौतुक?"

"आई, हळू बोल," मुलगी म्हणाली.

मग तिथेच त्या घराची गोष्ट कळली. व्हँडरबिल्ट कुटुंब टायटॅनिकनेच परत यायचं होतं. ऐनवेळी बेत बदलला आणि ते ऑलिंपिक या दुसऱ्या जहाजाने आले. त्यांचा नोकर एडविन व्हीलर मात्र सामानाबरोबर टायटॅनिकवर गेला आणि बुडाला. म्हणजे या घरचं खरं सामान समुद्राच्या तळाशी, आणि त्याच घरात त्या जहाजावरच्या पोशाखांच्या नकला दिमाखात उभ्या! मला हसू येणार होतं, पण आलं नाही. कारण एकदम आईचं इरकली लुगडं आठवलं.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत दोन लुगडी निघाली होती. एक विरलेलं होतं, त्याची गोधडी शिवली. गोधडीबद्दल वाईट वाटत नाही. ती पोरांच्या अंगावर झिजली, आईलाही ते आवडलं असतं. दुसरं मात्र चांगलं होतं. ते मी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. वर भांड्यांच्या दुकानात जाऊन त्यावर नाव घालून आणलं. माझं! डबा अजून आहे. लुगड्याचा रंग मी डाळिंबी म्हणते, ताई वांगी म्हणते. आईचा एकच फोटो आहे, तोही काळा-पांढरा. आता निवाडा कोण करणार?

तेव्हा माझं मत बदललं, ते असं. चांगली नक्कल करायलासुद्धा अस्सल वस्तू कुणीतरी जपून ठेवलेली असावी लागते. त्या लोकांनी जुने कपडे, जुने फोटो राखले, म्हणून शंभर वर्षांपूर्वीची बाही कशी होती ते शिवणाऱ्याला कळतं. आपण राखलं नाही, तर उद्या आपल्या आजीची नक्कलही कुणाला करता येणार नाही. मालिकांमधल्या तयार शिवलेल्या नऊवाऱ्या बघून नात विचारते, "पणजी अशीच नेसायची का?" मी नाही म्हणते. पण दाखवू काय?

आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं, पहिल्या भारतीय त्या. २०१२ साली त्यांनी ते नीट सांभाळलं जावं म्हणून अमेरिकेतल्या अकादमीकडे परत दिलं. २०२० साली त्या गेल्या. ती बातमी आठवली की आजही मला आपलीच लाज वाटते.

घरं लहान आहेत, सगळं ठेवता येत नाही, हे मान्य. पण प्रत्येक घराने एक वस्त्र ठेवावं. भरजरी शालूच हवा असं नाही. रोजच्या वापरातलंच ठेवा, कारण शालू कुणीतरी ठेवतंच. व्हँडरबिल्टांची आठवण राखायला आख्खा महाल आहे, व्हीलरला कोण? सुती कापडात गुंडाळा, वर्षातून एकदा घडी मोडा आणि सोबत चिठ्ठी ठेवा: कुणाचं, केव्हाचं, कसं नेसायची.

मी माझी एक रोजची सुती पातळ काढून ठेवली आहे. चिठ्ठीत रंगसुद्धा लिहिलाय. ताईने वाद घालू नये म्हणून!