पाटीवर कोणाचं नाव?
परवा कोल्हापुरी चपला घ्यायला कागलकडच्या एका गावात गेलो. नवरा ओट्यावर रापीनं चामडं कापत होता. बायको बारीक वाद्यांची वेणी घालत होती, तीही न बघता, माझ्याशी भावाची घासाघीस करत. पाटीवर मात्र नाव एकट्या त्याचं, पुढे 'अँड सन्स'. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल कोल्हापूरचं नावही न घेता मिरवली, तेव्हा आपण केवढं रान उठवलं! मग घरातल्या श्रेयाचं काय? अहो, गिऱ्हाईक भुलतं ते वेणीला. तळ काय, पायाखालीच जातो. पाटीवर आधी तिचंच नाव हवं. तसं बोललो, तर बाई खुदकन हसल्या आणि पन्नास रुपयेसुद्धा कमी केले नाहीत.