पडलेली सिम्फनी, उरलेले कागद

१/ रखमानिनॉव्हची पहिली सिम्फनी पडली, तो खचला, उपचारांनी सावरला आणि पुढे जगविख्यात झाला. प्रेरणादायी मजकुरांच्या बाजारात ही कथा अखंड खपते. कथा खोटी नाही, अर्धी आहे. तिचा गाळलेला अर्धा भाग नागझिऱ्याच्या वेशीवरील चोरखमाऱ्याला, पर्यायाने अवघ्या झाडीपट्टीला, अधिक उपयोगी आहे. ही मालिका त्या अर्ध्या भागाविषयी.

२/ आधी घटना. सर्गेई रखमानिनॉव्ह याने १८९५ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, डी मायनर स्वरातील ही सिम्फनी रचली. सिम्फनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी केलेली, बहुधा चार खंडांची विस्तृत रचना. २८ मार्च १८९७ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे तिचा पहिला प्रयोग झाला. वृंदाचे संचालन अलेक्सान्द्र ग्लाझुनोव्ह या नामांकित संगीतकाराकडे होते. तालमी अपुऱ्या होत्या. प्रयोग साफ कोसळला.

३/ दुसऱ्या दिवसापासून निवाडे सुरू झाले. सेझार क्युई हा स्वतः संगीतकार आणि वजनदार समीक्षक. त्याने या रचनेची तुलना इजिप्तवर कोसळलेल्या बायबलमधील अरिष्टांशी केली, आणि नरकात संगीतविद्यालय असलेच तर तेथील रहिवाशांना ती आवडेल, अशा आशयाची मल्लिनाथी केली. एका रात्रीचे वादन ऐकून एका रचनेला कायमची शिक्षा सुनावण्यात आली.

४/ ग्लाझुनोव्ह त्या रात्री मद्यधुंद होता, ही या कथेतील सर्वांत लाडकी फोडणी. ती प्रामुख्याने उत्तरकालीन आठवणींवर उभी आहे. काही आठवड्यांनी लिहिलेल्या पत्रात रखमानिनॉव्ह तक्रार करतो ती अशी की, इतका गुणी माणूस इतके वाईट संचालन कसे करतो, आणि ते करताना त्याला काही जाणवत कसे नाही. दारूची गोष्ट रंजक खरी. पण तिच्यामुळे अपुऱ्या तालमींचा कंटाळवाणा, म्हणूनच खरा मुद्दा झाकला जातो.

५/ पुढील सुमारे तीन वर्षे त्याच्या हातून मोठी रचना झाली नाही. १९०० साली डॉ. निकोलाय दाल यांचे उपचार झाले. पियानोचा दुसरा कॉन्चेर्टो १९०१ साली पूर्णरूपाने सादर झाला आणि दाल यांनाच अर्पण केला गेला. प्रेरणेचे दुकान येथे बंद होते. प्रश्न असा की, माणूस सावरला, पण त्या सिम्फनीचे काय झाले?

६/ रखमानिनॉव्हने ती प्रकाशित केली नाही, पुन्हा वाजवू दिली नाही. १९१७ च्या अखेरीस त्याने रशिया सोडली. मूळ हस्तलिखित मागे राहिले आणि हरवले. १९४० साली आपल्या अखेरच्या मोठ्या वाद्यवृंदरचनेत, ‘सिम्फॉनिक डान्सेस’मध्ये, त्याने पहिल्या सिम्फनीतील एक स्वरवाक्य हळुवारपणे गुंफले. ते ओळखणारे श्रोते जवळजवळ नव्हतेच. १९४३ साली तो अमेरिकेत निवर्तला.

७/ आणि मग ग्रंथालय बोलले. लेनिनग्राडच्या संगीतविद्यालयाच्या संग्रहात या सिम्फनीचे सुटे वादनपत्रक सापडले, म्हणजे प्रत्येक वादकापुढे ठेवायचे स्वरलिखित कागद. त्यांवरून पूर्ण रचना पुन्हा जुळवण्यात आली. १७ ऑक्टोबर १९४५ रोजी मॉस्कोत अलेक्सान्द्र गाउक यांच्या संचालनाखाली ती वाजली आणि गाजली. ४८ वर्षांनी निकाल फिरला. तो फिरवला धैर्याने नव्हे, कागदाने.

८/ आता झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपटाचा माहोल असतो, आणि रात्र रात्र नाटके रंगतात. वडसा हे या कंपन्यांचे मोठे केंद्र. ऑर्गन, तबला, ढोलक यांच्या जिवंत साथीवर गाणी होतात. दंडारीची परंपरा त्याहून जुनी. येथील चाल बहुधा कानावरून कंठात आणि बोटांत जाते. कागदावर क्वचितच उतरते.

९/ या रंगभूमीला शहरी समीक्षेने बरेचदा क्युईचीच वागणूक दिली. थंडीने बसलेला गळा, रुसलेला ध्वनिक्षेपक, धावपळीत झालेली तालीम अशा एखाद्या रात्रीवरून अवघी परंपरा ‘भडक’ ठरवली जाते. कदाचित एखादी चाल खरोखरच सुमार असेल. पण ते ठरवण्यासाठी ती चाल आणि तो प्रयोग वेगळे काढता आले पाहिजेत, आणि त्यासाठी लिखित पुरावा हवा.

१०/ ‘हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, चित्रण होतेच की!’ हा युक्तिवाद फसवा आहे. चित्रण प्रयोग जपते, त्याच्या दोषांसकट. १८९७ च्या त्या रात्रीचे केवळ ध्वनिमुद्रण उरले असते, तर जगाने क्युईलाच दुजोरा दिला असता. सुट्या कागदांनी रचना जपली. चित्रण जरूर करावे. ते स्वरलेखनाची जागा घेते असे मानू नये.

११/ ‘लोकसंगीत लिहिले की ते गोठते,’ हा दुसरा आक्षेप. भातखंडे यांनी घराण्यांत कोंडलेल्या शेकडो बंदिशी स्वरलिपीत आणल्या. ख्यालगायन त्यामुळे गोठले नाही. स्वरलिपी ही बांधासारखी असते. या तलावांच्या मुलखात निराळे सांगायला नको की बांध पाणी अडवतो, म्हणूनच शेताला पाणी मिळते.

१२/ तेव्हा गौरवसमारंभ थोडे कमी झाले तरी चालतील. प्रत्येक कंपनीने हंगामाअखेर एक वही सिद्ध करावी: नाटकाचे नाव, वर्ष, चाल बांधणाऱ्याचे नाव, ताल, आणि स्वरलिपीत पूर्ण चाल. एक प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात, दुसरी नागपूर वा गोंडवाना विद्यापीठात ठेवावी. विद्यापीठांनी स्वरलेखनासाठी संगीताचे विद्यार्थी पाठवावेत, आणि त्या कामाला मानधन द्यावे.

१३/ रखमानिनॉव्हची रचना वाचली, कारण कुणा अनाम ग्रंथपालाने एका पडलेल्या सिम्फनीचे कागद रद्दीत काढले नाहीत. झाडीपट्टीतील चाल बांधणाऱ्यांना फेरसुनावणीचा तोच हक्क आहे. पुरावाच नसेल तर फेरसुनावणी कशाची व्हायची?