आईचे दूध आणि राष्ट्रीय उत्पन्न

दुधाच्या भुकटीचा डबा विकला गेला की त्याची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते. आईने पाजलेल्या दुधाची तेथे कोठेही नोंद नसते. अर्थशास्त्राच्या या आंधळेपणाची किंमत कोण मोजतो, हे पाहण्याजोगे आहे.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील घट्ट, पिवळसर चीक अजूनही काही घरांतून अपवित्र समजून पिळून टाकला जातो. वस्तुतः रोगजंतूंना आतड्याच्या अस्तरावरच अडविणारी प्रतिद्रव्ये या चिकात सर्वांत दाट असतात. पुढील दुधात प्रथिने शेकडा 1 च्या आसपास, म्हणजे गाईच्या दुधाच्या जेमतेम एकतृतीयांश. हे उणेपण नव्हे. वासराचे वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होते. माणसाच्या मुलाला त्यास चार-पाच महिने लागतात, कारण त्याला आधी मेंदू घडवावयाचा असतो. त्यासाठी लागणारी मेदाम्ले व भरपूर दुग्धशर्करा त्यात असते. गंमत अशी की, या दुधातील काही जटिल शर्करा मुलाला पचतच नाहीत. त्या त्याच्या आतड्यातील उपकारक जंतूंचे अन्न होत!

या दुधाला डब्याचा पर्याय म्हणून पुढे करणाऱ्या नेस्ले कंपनीविरुद्ध 1977 साली अमेरिकेत बहिष्कार पुकारला गेला. 1981 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने विक्रीसंहिता 118 मतांनी संमत केली. विरोधी मत एकच, अमेरिकी सरकारचे. भारतात 1992 च्या कायद्याने अशा जाहिरातींना बंदी घातली.

परंतु जाहिरात थांबली म्हणून मजूर स्त्रीच्या पदरात वेळ पडत नाही. 2017 च्या दुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची झाली, ती संघटित आस्थापनांतील स्त्रियांना. बीडहून ऊसतोडीला जाणारी स्त्री नवऱ्यासह एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. उचल आधीच घेतलेली असते, खाडा पडला तर दंड. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत. सहा महिने निव्वळ अंगावर पाजा, हा उपदेश तिलाही केला जातो.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शासकीय नोकरीबाहेरील गरोदर व स्तनदा मातांना किमान 6000 रुपये देऊ केले. 2017 च्या योजनेत त्यांचे 5000 झाले, तेही पहिल्याच मुलापुरते; पुढे दुसरी मुलगी झाल्यास 6000. दुसऱ्या मुलग्याची आई स्तनदा नसते काय? सहा महिन्यांवर विभागले तर 5000 रुपये दिवसाला 28 रुपयेही भरत नाहीत. ही रक्कम किमान वेतनाशी जोडावी आणि मुलांच्या संख्येची अट काढावी, एवढीच मागणी तूर्त पुरेशी आहे.