कैद्याची कॉफी

कैद्याला सरकार निदान चहा तरी फुकट पाजतं. विमानतळावर सुरक्षा तपासणी ओलांडलेला मनुष्यही कैदीच. पुढे विमान, मागे बंदूकधारी जवान. पण याला मात्र कॉफीचे 280 रुपये पडतात!

परवा आईला प्रथमच विमानात बसवायचा योग आला. वय 78. ‘दोन तास आधी या’ या आज्ञेचा मान राखून आम्ही तीन तास आधी हजर. पट्टा, पाकीट, घड्याळ ट्रेमध्ये अर्पण करून, एका हातानं पँट सावरत मी पैलतीरी पोचलो. आई म्हणाली, “घोटभर कॉफी मिळेल का रे?”

आईनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी ऐटीत काउंटर गाठला.

“280, सर. सँडविच घेतलंत तर 620.”

माझा चेहरा बोलला असावा. मागून आई म्हणाली, “राहू दे. मला कुठे हवी होती? ॲसिडिटी होते.” 60 वर्षं जिचा दिवस कॉफीशिवाय उजाडला नाही, तिला नेमकी तेव्हाच ॲसिडिटी झाली.

तेव्हापासून मी भांडायच्या पवित्र्यात आहे. 2018 साली चेन्नई विमानतळावर माजी अर्थमंत्री चिदंबरम यांनी चहा मागितला. गरम पाणी, चहाची पुडी आणि किंमत 135 रुपये! ते न पिताच परतले. देशाची अंदाजपत्रकं मांडलेल्या माणसाचा जिथे अंदाज चुकतो, तिथे आमची काय कथा?

“जागेचं भाडं किती असतं, साहेब!” असेल. पण विमानतळ वापरल्याचं शुल्क आमच्या तिकिटातही लावलेलं असतंच की! आणि अडलेलं गिऱ्हाईक काय विमानतळावरच असतं? घाट चढण्यासाठी मागून इंजिनं जोडायला गाडी कर्जतला थांबते, तेव्हा आतला प्रत्येक जण अडलेलाच. म्हणून वडेवाल्यानं कधी घाटाचा भाव लावला नाही.

डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ निघाला. चहा 10 रुपये, कॉफी 20, समोसा 20. म्हणजे विमानाच्या वाऱ्यानं दूध महागतं, हे शास्त्र खोटंच ठरलं. मग असा कॅफे प्रत्येक विमानतळावर, आणि तोही चटकन दिसेल अशा जागी, का नसावा?

असो. आईनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. थालीपिठाचा खमंग वास दरवळला. मी ओशाळून कुजबुजलो, “अगं, इथे?”

“का? इथल्या लोकांना भूक लागत नाही?”

शेजारच्या टायवाल्या गृहस्थांची नजर डब्यावर खिळली होती. आईनं न विचारता त्यांच्या हातावर थालीपीठ ठेवलं. ते उठले, एक रिकामा कप मागून आणला आणि आपली अर्धी कॉफी ओतून आईपुढे धरली.

आईची ॲसिडिटी तत्काळ थांबली.

एका थालीपिठाला 140 रुपये! हा भाव मात्र मला मुळीच जास्त वाटला नाही.