घर आणि कायदा : परवाना कोणाचा?

कसबा बावडा (कोल्हापूर) येथील एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचे श्वशुर गेल्या वर्षीं वारले. त्यांच्या नांवचें परवान्याचें रिव्हॉल्व्हर अद्याप घरांतच असून धाकटे दीर रात्रीं मळ्यावर जातांना तें कोटाखालीं बाळगतात. “शस्त्र घरचें, परवाना घरचा, आणि कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीं, मग चिंता कसली?” असें घरांतील मंडळी म्हणतात. भगिनींच्या मनाला तें पटत नाहीं. त्यांची शंका अगदीं रास्त आहे.

परवाना घराचा नसतो, व्यक्तीचा असतो. एकत्र कुटुंबांत शेत, वाडा, देव्हारा हीं समाईक असूं शकतात; बंदुकीचा परवाना तसा नाहीं. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या तिसऱ्या कलमान्वयें स्वतःच्या नांवें परवाना असल्यावांचून अग्निशस्त्र जवळ ठेवतां अथवा बरोबर नेतां येत नाहीं. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारानें, दुरुस्तीसाठीं वा नूतनीकरणासाठीं दुसऱ्यानें तें नेलें तर चालतें. पण ही सवलत श्वशुरांबरोबरच संपली.

आतां कोटाखालीं झांकण्याविषयीं. अमेरिकेंत याचे नियम राज्याराज्यांत निराळे असून अर्ध्याहून अधिक राज्यांत परवानाही लागत नाहीं. आपल्याकडे राज्यघटनेनें हा विषय केंद्राकडे सोंपविला असल्यामुळें मुख्य कायदा देशभर एकच आहे. 2016 च्या नियमांप्रमाणें परवानाधारकानें सार्वजनिक जागीं पिस्तूल होल्स्टरमध्यें, पूर्ण झांकूनच न्यावयाचें असतें. तें मिरविण्यास सक्त मनाई आहे. म्हणजे झांकणें हें परवानाधारकाचें कर्तव्य आहे. ज्याला परवानाच नाहीं त्याचा त्यानें बचाव होत नाहीं.

अंमलबजावणी मात्र स्थानिक असते. पोलिसांचा अहवाल घेऊन कोल्हापुरांत परवाना देतात ते जिल्हादंडाधिकारी. तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हें त्यावरच लिहिलेलें असतें. शिवाय 1951 च्या पोलिस कायद्याच्या 37 व्या कलमान्वयें सणावारीं वा अशांततेच्या प्रसंगीं शस्त्रेंच काय, काठ्या घेऊन हिंडण्यासही बंदी करतां येते. निवडणुकीच्या काळांत परवान्याचीं शस्त्रेंही जमा करण्याचा हुकूम निघूं शकतो.

2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणाऱ्यास किमान दोन व कमाल पांच वर्षें कारावास व दंड अशी शिक्षा आहे. ही कडक वाटेल. परंतु 16 फेब्रुवारी 2015 रोजीं याच शहरांत सकाळीं फिरून घरीं परतणाऱ्या गोविंद पानसरे व त्यांच्या पत्नीवर मोटारसायकलस्वारांनीं गोळ्या झाडल्या आणि 20 तारखेस पानसऱ्यांचें निधन झालें, हें कोल्हापूरकर विसरलेले नाहींत. रस्त्यावरील कोणाच्या कोटाखालीं काय आहे, हें सरकारास ठाऊक असलेंच पाहिजे.

तेव्हां करावें काय? एकविसाव्या कलमाप्रमाणें असें शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. एक वर्ष तर गेलेंच आहे. आणखी एक दिवसही दवडूं नये. दीरांनीं तें पुन्हां कोटाखालीं घालून ठाण्यावर नेऊं नये. आधीं वकिलाचा सल्ला घेऊन ठाण्यास कळवावें, मूळ परवाना व मृत्यूचा दाखला तयार ठेवावा आणि जमा केल्याची पावती घ्यावी. मळ्याच्या वाटेवर खरोखरच धोका असेल, तर दीरांनीं वारस या नात्यानें स्वतःच्या नांवें अर्ज करावा. अर्जदार एकवीस वर्षांचा हवा. इतर वारसांची लेखी संमति जोडावी. परवाना मिळाल्यास शस्त्र परत मिळतें. न मिळाल्यास तें रीतसर विकतां येतें.

ज्यांच्या घरीं परवानाधारक वडील हयात आहेत, त्यांनीं यावरून बोध घ्यावा. परवानाधारकाचें वय सत्तर झालें किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षें राहिलें, कीं आपल्या हयातींतच वारस नेमून त्याच्या नांवें परवान्यासाठीं अर्ज करतां येतो. इच्छापत्रांत दागिन्यांची आठवण सर्वांस होते. कपाटांतील बंदुकीचीही व्हावी.